शमीमआपा आणि 'सात रस्ता' नावाची फाईल

शमीमआपांच्या टेबलावर एक जुना लँडलाइन फोन होता. त्याचं कनेक्शन कधीच तोडलेलं होतं, वायर टेबलाच्या पायाला गुंडाळून ठेवलेली. तरी दिवसातून दोन-चारदा आपा तो रिसीव्हर उचलायच्या, कानाला लावायच्या आणि पलीकडे खरंच कुणीतरी आहे अशा थाटात बोलायला लागायच्या. "हां मावशी, लिहून घ्या. आधी शाळेचं नाव. मग तिरकी रेघ. मग प्रवेश. परत तिरकी रेघ आणि अकरावी. झालं." रिसीव्हर खाली ठेवून त्या आमच्याकडे बघायच्या. "मावशीला समजलं. चालेल हा पत्ता." कधी बोलता बोलता मधेच अडखळायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या आणि रिसीव्हर आदळायच्या. "मावशीनं फोन ठेवून दिला. बदल."

मी नोकरीला लागलो त्या दिवशी हा प्रकार पाहिला आणि बाईंचं डोकं ठिकाणावर नाही अशी माझी खात्री झाली. चहाच्या वेळी मी शेजारच्या व्यंकटेशला हळूच विचारलं, "ह्या कुणाशी बोलत्यात?" तो म्हणाला, "मावशीशी." मी म्हटलं, "मावशी कुटं हाय?" तो म्हणाला, "कुठंच नाही बे. पण तिला समजलं नाही तर आपलं काम परत येतंय." व्यंकटेश सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू बोलणारा, सोलापुरी बोलण्यात पक्का. माझं 'कुटं' आणि 'हाय' त्याला पुढे वर्षभर चेष्टेला पुरलं.

आमचं ऑफिस सात रस्ता चौकात, दुसऱ्या मजल्यावर. खाली मोबाईलची दुकानं, समोर रिक्षांची गर्दी, आणि खिडकी उघडली की हॉर्नमुळे एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. आम्ही वेबसाईट बनवायचो. शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालयं, दवाखाने, टॉवेल-चादरीचे व्यापारी, जो येईल त्याची. मालक बिराजदार साहेब अक्कलकोटकडचे, मनानं चांगले, आवाजानं मोठे. आपा तिथं सगळ्यांत जुन्या. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, अंगानं बारीक, डोक्यावर ओढणी, चष्मा जाड. लग्न केलेलं नव्हतं. विजापूर वेशीत भाऊ-भावजयीकडे राहायच्या. माणसांना नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती, गावानं मारायच्या. त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून माळशिरस झालो. "ए माळशिरस, इकडे ये. हे काय करून ठेवलंयस?" माझं गाव माळशिरसपासून बरंच आत आहे हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "एवढं आत कोण जातंय? माळशिरसपर्यंत येते मी, तिथून तू चालत जा."

आता त्या मावशीचं आणि पत्त्याचं काय ते सांगायला हवं, नाहीतर आपा कळायच्या नाहीत. मावशी म्हणजे कॉम्प्युटर न कळणारी कुठलीही बाई; फोनवर ऐकून तिला लिहून घेता आला तर पत्ता चांगला, ही आपांची कसोटी. वेबसाईट उघडली की वरती जी ओळ दिसते तिला आम्ही पत्ता म्हणतो. पत्ता टाकला की पान समोर येतं. मधे काय घडतं ते बघणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. आमच्याकडे मधे एक फाईल होती. बिराजदार साहेबांनी धंदा सुरू केला तेव्हा स्वतः बसून एक सांगाडा लिहिला होता, फ्रेमवर्क म्हणतात तसा. प्रत्येक नवी वेबसाईट त्याच सांगाड्यावर उभी राहायची. कुठला पत्ता आला की कुठलं पान द्यायचं, हे त्या सांगाड्यातल्या एका फाईलमध्ये ओळीनं लिहिलेलं असे. सुरुवातीला तिच्यात सातच ओळी होत्या आणि ऑफिसही सात रस्त्याला, म्हणून साहेबांनी कौतुकानं तिचं नाव 'सात रस्ता' ठेवलं.

मी आलो तोवर त्या सात रस्त्यांचं जंगल झालं होतं. एकेका शाळेच्या, एकेका दवाखान्याच्या शेकडो ओळी, त्यांत प्रश्नचिन्हं, आकडे, कंस, आणि 'इथून पुढे काहीही चालेल' असं सांगणारे तारे. शिवाय एक नियम होता. फाईल वरून खाली वाचली जायची आणि पहिली जी ओळ जुळेल तिचंच पान मिळायचं, खालच्या ओळींना कुणी विचारायचं नाही. म्हणजे ओळ काय लिहिली याच्यापेक्षा ती कुठं लिहिली याला जास्त महत्त्व. एक मोघम ओळ चुकून वर गेली की खालच्या पन्नास गिळायची. त्यात साहेबांचा दंडक असा की त्या फाईलमधली ओळ पुसायची नाही. एखादं गिऱ्हाईक सोडून गेलं तर त्याची ओळ नुसती झोपवायची, म्हणजे तिच्यापुढे खूण करायची आणि ती बंद पाडायची. "लक्ष्मी आहे ती, पुसायला जीव होतो का?" साहेब म्हणायचे. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, आमच्याकडे साहेब त्या फाईलची छापील प्रत काढायचे, पाटावर ठेवायचे, हळद-कुंकू वाहायचे आणि वर झेंडूची फुलं. दरवर्षी गठ्ठा जाड होत गेला. व्यंकटेश म्हणायचा, "पुढच्या साली चौरंग मागवायला लागतोय."

या फाईलला हात लावायची ऑफिसात कुणाची छाती नव्हती. नवीन पान करायचं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, आणि ते पान या फाईलमध्ये नेमकं कुठं बसवायचं हे आपांना विचारायला अर्धा दिवस. कारण आपा एकट्याच होत्या ज्यांना ती आख्खी फाईल पाठ होती.

पाठ म्हणजे किती, ते मी एका शनिवारी पाहिलं. व्यंकटेशनं एका मंगल कार्यालयाची नवी ओळ आपांना न विचारता घातली होती. सकाळी दहाच्या सुमाराला एका प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांचा साहेबांना फोन आला. त्यांच्या वेबसाईटवर जाऊन 'खोल्यांची माहिती' दाबलं की जेवणाचा मेनू येत होता. बासुंदी, मसालेभात, मठ्ठा, आणि खाली 'हजार पानांची सोय'. डॉक्टर ओरडत नव्हते, त्यामुळे साहेब जास्त घाबरले. ते केबिनमधून धावत बाहेर आले. "यप्पा! बाळंतिणीला मठ्ठा वाढायलोय की आपण!"

व्यंकटेश पांढराफटक पडला. आपा आपल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, मान थोडी वर केली आणि म्हणाल्या, "माळशिरस, फाईल उघड. ती पतसंस्था संपते तिथं जा. तिच्याखाली तीन झोपलेल्या ओळी असतील. त्यांच्या वर नवीन काहीतरी दिसायलंय?" मी म्हटलं, "व्हय." "तिच्या शेवटी तारा आहे?" "हाय." "तो तारा काढ. आणि ती ओळ उचलून त्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या ओळींखाली ठेव." मी तसं केलं. बासुंदी गेली, खोल्या आल्या. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि व्यंकटेशला त्यातून वगळलं. मला मात्र त्या डोळे मिटून बसण्याचं फार कौतुक वाटलं. असा माणूस आपण पाहिला नाही, असं मी त्या आठवड्यात गावी फोन करून सांगितलंही.

डोळे मिटण्याचं कारण दुसरंच होतं. ते मला काही महिन्यांनी कळलं, जिन्यात. लिफ्ट बंद होती आणि आपा कठड्याला धरून एकेक पायरी पायानं चाचपत उतरत होत्या. मी मागून येत होतो. मी विचारलं, "आपा, पाय दुखतोय का?" त्या थांबल्या. वर-खाली कुणी नाही हे त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाय बरा आहे. पायरी दिसत नाही." साखरेचा त्रास त्यांना जुना होता. आता तो डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत गेला होता. डोळ्यात इंजेक्शनं चालू होती. "कडेकडेनं दिसतंय. मधोमध बघायला गेलं की धुकं. तुझं तोंड दिसत नाही, कान दिसायलेत." हे त्या अगदी सरळ सांगत होत्या. डॉक्टरनं काय सांगितलं, असं मी विचारलं. "आहे ते टिकवायचं बघू, म्हणाले. टिकेल असं नाही म्हणाले." ऑफिसात कुणालाही सांगायचं नाही, अशी त्यांनी मला ताकीद दिली आणि पुढच्या पायऱ्या माझ्या खांद्याला धरून उतरल्या.

त्या दिवसापासून मला ती फाईल वेगळी दिसायला लागली. आपांना स्क्रीन नीट दिसत नव्हती, आणि तरी त्यांचं काही अडत नव्हतं, कारण सगळं त्यांच्या डोक्यात होतं. जोवर फाईल होती तोवर त्यांना डोळ्यांची गरज नव्हती, आणि ऑफिसला त्यांची होती. हा हिशेब मला जमला म्हणजे त्यांना केव्हाच जमला असणार. म्हणून पुढे त्यांनी जे काढलं त्याचा मला आधी अर्थच लागेना.

त्यांनी साहेबांना सांगितलं की 'सात रस्ता' बंद करायची. मी तेव्हा लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये होतो.

"साहेब, एसटीच्या कपाळावर पाटी असते," आपा म्हणाल्या. "सोलापूर-अक्कलकोट. माणूस पाटी वाचतो, चढतो. कुणाला विचारत नाही. आपल्याकडे काय आहे? मी नीट करून घेतले तेवढे पत्ते सोडले तर पाटीवर नंबर. नंबर कुठल्या गावचा ते विचारायला चौकशीच्या खिडकीवर जायचं. आणि खिडकीत बसलंय कोण? मी. पाटीवर गावच लिहा की."

साहेबांनी हात पुढे करून त्यांना थांबवलं. "म्हणजे काय करायचं म्हणताय?"

"शाळेचं एक कपाट. कपाटात प्रवेश नावाचं पान. मग पत्ता काय? शाळा, तिरकी रेघ, प्रवेश. पान जिथं ठेवलं तोच त्याचा पत्ता. मधे फाईल नाही, वर-खाली नाही, तारे नाहीत. पान ठेवलं की रस्ता झाला. पान काढलं की रस्ता गेला."

"चालतंय ते चालू द्या की आपा."

"चालत नाही साहेब. मी चालवायलेय."

मग साहेबांनी खरा मुद्दा काढला. लोकांनी जुने पत्ते पत्रिकांवर, पाट्यांवर, कॅलेंडरांवर छापलेत, ते सगळे मेले तर गिऱ्हाइकं दारात येऊन बसतील. आपांनी याचं उत्तर तयार ठेवलं होतं. "जुनं दार भिंत घालून बंद करायचं नाही. जुन्या दारातनं आला त्याला हाताला धरून नव्या दारात सोडायचा. त्याला कळणारपण नाही." साहेबांनी पेपरवेट फिरवला. शेवटी म्हणाले, "करा. पण माझ्या फाईलची एक प्रत जपून ठेवा. ती पुसलेली मला चालणार नाही." त्यांच्या आवाजावरून, कुणीतरी त्यांच्या घरातलं जुनं भांडं मोडीत काढायला निघालंय असं वाटत होतं.

बाहेर आल्यावर व्यंकटेशनं आपांना गाठलं. तो मनापासूनच बोलला. "आपा, कशाला हे? ती फाईल आहे तोवर तुमची खुर्ची आहे. डोळे मिटून बसलात तरी साहेब तुम्हाला सोडायचे नाहीत." त्याला काहीच माहीत नव्हतं. आपांनी त्याच्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं, मग माझ्याकडे. "खुर्ची माझी आहे का फाईलची?" त्या म्हणाल्या. "फाईलची असेल तर मेरेकु नक्को."

हे वाक्य ऐकायला भारी आहे, पण मला ते त्या वेळी पटलं नाही. मी त्यांना घरी सोडायला रिक्षात बसलो तेव्हा स्पष्टच म्हटलं की आपा, तुमी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. त्या बराच वेळ बाहेर बघत होत्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला तोंड करून होत्या. मग म्हणाल्या, "इंजेक्शन घेतलं त्या दिवशी डोळ्यावर पट्टी होती. साहेबांचे फोनवर फोन. कुठली ओळ कुठं. मी पडल्या पडल्या सांगितलं. भाभी म्हणाली, केवढा मान आहे तुम्हाला. मला मान वाटला नाही रे. मला भीती वाटली. उद्या मी पडले, तर तुम्ही सगळे हात बांधून उभे. आणि माझ्या डोक्यात जे आहे ते माझ्याबरोबर चाललं. असं काम करून ठेवायचं असतं का?" मी म्हटलं, "पन तुमचं काय?" त्या म्हणाल्या, "माझं ते माझं बघू की."

मग आमचे रविवार सुरू झाले. ऑफिसला सुट्टी, सात रस्ता त्यातल्या त्यात शांत, आणि आपा सकाळी भाभीनं बांधून दिलेला डबा घेऊन हजर. मी ओळ वाचायची, त्यांनी सांगायचं ती कुणाची, कधीची, कशासाठी घातलेली. "ही त्या हेडमास्तरांच्या हट्टानं घातलेली. त्यांना स्वतःच्या फोटोचं वेगळं पान पाहिजे होतं. झोपव. नाही, झोपवू नको, पूस." पुसायला लागलो की त्यांच्या अंगात उत्साह यायचा. सगळ्यात जास्त वेळ जायचा तो नावांत. पान तेच, त्याला काय म्हणायचं? मी 'निविदा' लिहिलं. आपांनी रिसीव्हर उचलला. "मावशी, निविदा. नि-वि-दा. काय? हां हां." रिसीव्हर ठेवला. "मावशी विचारते, म्हणजे टेंडर का? मग टेंडर लिही." एका पतसंस्थेला 'सभासदांकरिता महत्त्वाची सूचना' असं पान होतं, त्याचं त्यांनी 'नोटीस' केलं. तिसऱ्या तिरक्या रेघेच्या पुढे माणूस जात नाही, असं त्यांचं मत होतं. कुठल्याही पत्त्याला त्यांनी चौथी रेघ येऊ दिली नाही, त्यासाठी माझ्याशी कडाकडा भांडल्या.

काम संपत आलं तसं त्यांचं दिसणं आणखी कमी झालं. मी वाचतो ते आता फक्त सोय म्हणून राहिलं नव्हतं. पण त्या घाई करत नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, "माळशिरस, थोडा भरभर वाच. मला हे चालू झालेलं स्वतः बघायचंय." मी भरभर वाचायला लागलो.

त्यांनी ते पाहिलं. चालू केलं त्या सोमवारी त्या स्क्रीनच्या इतक्या जवळ गेल्या की नाक टेकेल. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं, एकेक पान बघत राहिल्या. प्रसूतिगृहाच्या खोल्या खोल्यांच्या जागी होत्या. दुपारी मात्र एका शाळेतून फोन आला. त्यांचं शिष्यवृत्तीचं पान गायब होतं आणि मुलांचे पालक शाळेच्या ऑफिसात येऊन उभे राहिले होते. आपांनी डोळे मिटले. "ते कधीच झोपवलंय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी." मी जुन्या प्रतीत पाहिलं. ते झोपलेलं नव्हतं. आपांना चुकीचं आठवत होतं, म्हणून ते नव्या कपाटात आलंच नव्हतं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं असावं. त्याच वेळी पलीकडून व्यंकटेश म्हणाला, "झालं. शाळेच्या कपाटात पान ठेवलं, उघडायलंय." त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. त्याला विचारण्याची गरजच पडली नव्हती. तो मागे वळून आपांकडे बघायचा, तेही विसरला होता.

"बघ," आपा मला म्हणाल्या, "माझ्या डोक्यातपण कचरा आहे. म्हणून तर करायचं होतं." मग मोठ्यांदा, "शाब्बास, पूर्व भाग!" व्यंकटेश हसला. आपा दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिल्या.

बिराजदार साहेबांनी आपांना काढलं नाही, हे नीट सांगायला हवं. त्यांना डोळ्यांचं कळलं तेव्हा ते केबिनमधून बाहेर येऊन आपांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "आपा, तुम्ही फक्त बसायचं. पोरं विचारतील, तुम्ही सांगायचं." आपा रोज येत राहिल्या. सकाळी भाऊ स्कूटरवर सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. त्या खुर्चीवर बसायच्या, चहा घ्यायच्या, पाऊल वाजलं की मान वर करायच्या. पण विचारायला काही उरलंच नव्हतं. पान ठेवलं की रस्ता होत होता. एक-दोनदा मी मुद्दाम काहीतरी विचारायला गेलो, तर त्यांनी उत्तर दिलं आणि वर म्हणाल्या, "हे तुला माहीत आहे. नाटक करू नको." मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी मुद्दाम गेलो नाही. दसऱ्याच्या आधी त्यांनी येणं थांबवलं. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. खंडेनवमीला साहेबांना पूजेला काही सापडेना, म्हणून त्यांनी कपाटातली जुनी 'सात रस्ता'ची प्रत काढली, तांबड्या फडक्यात बांधली आणि तिलाच फुलं वाहिली.

मी आपांच्या घरी गेलो तो पुढच्या उन्हाळ्यात. मधे मी येतो येतो म्हणत राहिलो, तसं सगळेच म्हणतात. त्या दिवाणावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता त्यांना उजेड-अंधार एवढंच कळत होतं. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. "आलास का, माळशिरस? लई लांब पडलं का विजापूर वेस?" मी बसलो. इकडचं तिकडचं झालं. साहेबांची तब्येत, व्यंकटेशचं लग्न. मग मी सांगितलं की कुंभारी गावची एक मुलगी नवी लागलीय, तिच्याकडे पहिल्याच दिवशी एका शाळेचं काम दिलं.

आपा पुढे सरकल्या. "मग? पान बनवलं तिनं?"

"बनवलं की. जेवायच्या सुट्टीच्या आधीच झालं."

"पत्ता कुणाला विचारला?"

"कुणालाच नाही."

"एकदा पण नाही?"

"नाही आपा. मी तिला म्हटलं, हे इतकं सोपं कुणी करून ठेवलं माहितीये का? तर ती म्हणाली, यात काय करून ठेवायचंय सर, असंच असतं की."

आपा जोरात हसल्या. भाभी स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या. आपांचं हसू थांबायला वेळ लागला. मग त्यांनी ओढणी नीट केली आणि विचारलं, "ऑफिसात माझं नाव निघतं का रे कधी?"

मला खोटं बोलता आलं असतं. साहेब रोज आठवण काढतात, असं म्हणणं अवघड नव्हतं आणि ऐकणाऱ्यालाही ते आवडलं असतं. पण ज्या बाईनं एकेका पत्त्यातला खोटा तारा डोळे मिटून काढला होता, तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "नाही, आपा."

"बिलकुल नाही?"

"काम अडलं तर निघेल. अडतच नाही."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. आपांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

"जमलं म्हणजे," त्या म्हणाल्या. "मला तेच पाहिजे होतं. आणि ऐकून लई वाईट वाटायलंय बघ. दोन्ही खरंय. कायकू लपवायचं?" मग त्यांनी हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि धरलं. "भाभी, ह्याचं पण पान वाढा. आणि तू आज तरी लगेच उठू नको, माळशिरस. बस थोडा वेळ. काहीतरी विचार मला."